कार्यालयीन बूट: देशी बनावटीचे की आयात केलेले?

पुतण्याला पहिल्या नोकरीसाठी चामड्याचे बूट घ्यायचे आहेत. आग्र्याचा जोड घ्यावा की युरोपातून आलेला, हे त्याचे ठरत नाही. किमतीपुरते पाहिले, तर २०२० च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरील सीमाशुल्क २५ वरून ३५ टक्क्यांवर गेले, आणि त्यावर वाहतूक व वितरकाचा नफा चढल्याने आयात जोडासाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा भाग बुटात उतरतच नाही.

दर्जा मात्र देशावरून ठरत नाही. तमिळनाडूतील आंबूर-राणीपेटहून युरोपीय कंपन्यांसाठी बूट जातात, त्यामुळे परदेशी नावाचा जोड मुळात इथलाच निघाला तरी नवल नाही. पाहायची ती तळव्याची जोडणी: गुडइयर वेल्ट पद्धतीत तळवा कडेच्या पट्टीला शिवलेला असल्याने झिजल्यावर बदलता येतो, नुसत्या चिकटवलेल्या तळव्याला तेवढी सोय नसते. पॉलियुरेथेनचा तळवा तर दमट हवेत न वापरताही कालांतराने भुगा होऊन गळू लागतो, मग तो कुठेही बनलेला असो.

रोजच्या पावसापाण्यातल्या वापरासाठी रबरी तळव्याचा देशी जोड पुरेसा आहे. आयात जोड घ्यावा तो ज्याच्या पायाला तिथलाच साचा नेमका बसतो आणि ज्याची तळवा बदलत वर्षानुवर्षे वापरण्याची तयारी आहे, त्याने.