खपली गहू आणि खपलीचं पीठ: दाणा अस्सल, पाकिटावरचा मजकूर चुकीचा

गेल्या महिन्यात सांगलीकडच्या एका विक्रेत्याकडून दोन किलो सोललेला खपली गहू आणि एक किलो पीठ मागवलं. गहू १२० रुपये किलो, पीठ १४०. पाच दिवसांत घरपोच आलं. खडा नाही, कीड नाही, दाणा लांबट, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळता.

आधी हुग्गी केली. माझं माहेर मिरजेचं. आमच्याकडे गव्हाच्या खिरीला हुग्गीच म्हणतात आणि ती खपलीचीच हवी. गहू रात्रभर भिजवला, सकाळी मंद आचेवर सात शिट्ट्या, मग गूळ, ओलं खोबरं, बडीशेप, सुंठ. दाणा फुलून मऊ झाला, पण लगदा झाला नाही. आईची हुग्गी अशीच असायची. एवढ्यासाठीच मी हा गहू पुन्हा घेईन.

पोळ्यांचं तसं नाही. कोमट पाण्यात कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली, तरी लाटताना कडा फाटत होत्या आणि ताणली की तुटत होती. अनेक जणी इथे पिठाला नावं ठेवतात, पण दोष पिठाचा नाही. मी सत्तावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या रोजच्या लोकवन गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, खपलीत २८. लाखो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दोन जंगली गवतांचा आपोआप संकर झाला. दोघांचीही गुणसूत्रं १४, म्हणजे सातांचे दोन संच. संकराला प्रत्येकाकडून एकेकच संच मिळाला. अशा रोपात गुणसूत्रांना जोडीदार नसतो, परागकण नीट तयार होत नाहीत आणि बी धरत नाही. मग केव्हातरी सगळा संचच दुप्पट झाला. प्रत्येक गुणसूत्राला स्वतःची जोडी मिळाली आणि वांझ वनस्पती सुपीक झाली. हाच खपलीचा जंगली पूर्वज. पुढे शेती सुरू झाल्यावर, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, शेतातल्या अशाच २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एजिलॉप्स टाउशी नावाच्या गवताशी संकर झाला, संच पुन्हा दुप्पट झाला आणि ४२ चा गहू आला. १९४४ च्या सुमारास जपानमध्ये हितोशी किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी हा तिसरा पूर्वज स्वतंत्रपणे ओळखला. त्या गवताबरोबर ग्लुटेनिनची जी प्रथिनं आली, त्यांनीच लोकवनच्या कणकेला ताण मिळतो. खपलीत तो तिसरा संचच नाही, मग पोळी ताणणार कशी? शेवयांच्या बन्सी गव्हातही तो नसतो. मी आता एक वाटी खपलीच्या पिठात एक वाटी लोकवन घालते, पोळ्या उत्तम होतात. लापशीला, धिरड्याला मात्र निव्वळ खपली.

माल खरा आहे का, हेही तपासलं. अख्खे दाणे ओल्या टिपकागदावर ठेवले. सोलताना अंकुर दुखावल्यामुळे निम्म्याहून कमीच रुजले. मुळांची टोकं ओळखीच्या प्रयोगशाळेत नेऊन ॲसिटोकारमाइनने रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतली गुणसूत्रं मोजली. सहा पेशी स्वच्छ दिसल्या, सहाही ठिकाणी २८. म्हणजे त्या दाण्यांत लोकवन नव्हता. बन्सीचीही २८ असतात, पण तो दाणा पिवळट आणि जाड असतो, नजरेला लगेच कळतो.

आता तक्रार. पाकिटावर ‘संकर नसलेला, ग्लुटेनमुक्त मूळ गहू’ असं छापलंय. तिन्ही शब्द चूक आहेत आणि त्यातला एक धोक्याचा आहे. खपलीचा जन्मच संकरातून झाला, हे वर सांगितलंच. ‘मूळ गहू’ म्हणावा, तर त्याच्याही मागे ती दोन गवतं आहेत. आणि खपलीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, असतं; कणकेला ताण कमी असतो, एवढंच. सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, असलेल्या माणसाने हे पाकीट वाचून पोळी खाल्ली तर त्याच्या आतड्याला इजा होईल. माझ्या ओळखीत असं एक मूल आहे, म्हणून हे डोळ्यांआड करता येत नाही.

खरं कौतुक छापायला जागा कमी आहे का? अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी तांबेऱ्याचे, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाचे, प्रकार ओळखायला बारा गव्हांचा जो संच ठरवला, त्यात आपला गहू ‘खपली’ याच नावाने होता. त्याची तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद पुढे इतर गव्हांत आणली गेली. मळणीनंतरही दाण्याला टरफल घट्ट चिकटून राहतं, ते वेगळं सोलावं लागतं. भाव जास्त असण्याचं ते एक कारण. हे छापलं तर घेणाऱ्याला १२० रुपये कशाचे ते कळेल.

विक्रेत्याला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘ताई, ग्लुटेनचा शब्द पुढच्या छपाईत काढतो,’ म्हणाले. गव्हाला पाचपैकी पाच, पिठाला साडेतीन. पाकिटाचे गुण तूर्त राखून ठेवते; श्रावणात हुग्गीसाठी पुन्हा मागवणार आहे, तेव्हा नवं पाकीट बघून इथेच लिहीन.