मासळीसाठी घेतलेली जुनी सीएनजी पिकअप : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायला मी जुनी सीएनजी पिकअप वापरतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते या वर्गातल्या कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतं. जुनी गाडी घेताना बहुतेक जण बोनेट उघडून इंजिन ऐकतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. माझ्या गाडीच्या इंजिनाने फारसा त्रास दिलेला नाही. पैसा गेला तो सगळा खालच्या बाजूला.

क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी गळत राहतं. हौद्याच्या फटींतून ते चॅसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), स्प्रिंगच्या पाट्यांवर, ब्रेकच्या पाइपांवर पडतं आणि वर समुद्राची हवा आहेच. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन खाली शिरा. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, मागच्या शॅकलचं (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीचं) ब्रॅकेट आणि ब्रेकचे पाइप जिथे क्लिपने चॅसीला धरलेत त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोकरून बघा. पाइप मधे सहसा सडत नाही, बहुतेक क्लिपखालीच सडतो, आणि क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही. खाली ताजं काळंभोर अंडरकोटिंग मारलेलं असेल तर जरा जास्तच टोकरा.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारे, गंजून जाम होतात. मग एका बाजूचा लायनर लागतो, दुसऱ्या बाजूचा नुसता बसून राहतो आणि गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. गॅरेजवाला लायनर बदलून देतो, महिन्याभरात पुन्हा तेच. मूळ दुखणं सिलिंडरचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायला हवं, नुसतं वरून भरून भागत नाही. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी शिरलं की तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

आता पाटे. धक्क्यावर दर दुसरा माणूस सांगतो, "दादा, मागे एक पाटा वाढवून टाका, गाडी बसणार नाही." वाढवू नका. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते. गाडी मालाने किती दबली ते ती ओळखते आणि त्या हिशेबाने तिला जोडलेला व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला ऑइलचा दाब सोडतो. पाटा वाढवला की गाडी कमी दबते, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि भरल्या गाडीला मागचे ब्रेक कमी मिळतात. खाऱ्या पाण्याने ही दांडी सांध्यात जाम होते ती वेगळीच. ग्रीसिंग करताना तिला हाताने हलवून बघायला सांगा, आपण होऊन कोणी बघत नाही. पाटा तुटला असेल तर त्याच मापाचा टाका, यू बोल्ट नवे घ्या आणि थोडी गाडी चालली की ते पुन्हा आवळून घ्या.

पावसात सेल्फ नुसता 'टक' करतो तेव्हा लगेच बॅटरी बदलायला धावू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे चॅसीला आणि इंजिनाला जोडलेली असते तो बोल्ट खोला, खाली हिरवी बुरशी निघेल. पॉलिश पेपरने घासा, आवळा, वर ग्रीस लावा. हेडलाइट मंद होणं, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मिचकावणं ही सगळी त्याच घरातली भुतं. माझ्या मते जुन्या गाडीच्या निम्म्या वायरिंगच्या तक्रारी अर्थिंगच्या असतात.

सीएनजीचं गणित वेगळं. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते आणि पंपावर प्लेटची तारीख बघतात, म्हणून घेतानाच ती वाचा. सिलिंडरच्या पट्ट्यांखालचं रबर गेलं असेल तर तिथे लोखंडाला लोखंड घासतं. चढावर, पुलावर भरलेली गाडी धक्के खात असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा, गॅसला पेट्रोलपेक्षा ठिणगी जोरकस लागते. टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हाताने सेट करायचे इंजिन असेल तर टॅपेटचा आवाज नाही म्हणून खूश होऊ नका. गॅसवर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, गॅप कमी होत जातो आणि आवाज उलट बंद होतो. सकाळी थंड इंजिन उचलायला कुरकुरलं की गॅप मोजून घ्यावा. आणि हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर सिलिंडर उतरवल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय मिस्त्रीला हात लावू देऊ नका, तो कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी.

पार्ट मिळायला मुंबईत अडचण नाही. दरवाजा, काच, टेललाइट, फाळका कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून बिनधास्त घ्या. ब्रेकचं काही, स्टिअरिंगचे जॉइंट आणि रबरी होज मात्र नवेच.

मोठी कामं मी मासेमारी बंदीत काढतो. १ जून ते ३१ जुलै धंदा थंडच असतो. हौदा सोडवून खालून पाणी मारायचं, पूर्ण सुकवायचं, मगच रंग. ओल्या गंजावर मारलेला रंग गंज नुसता झाकतो, थांबवत नाही. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दर वर्षी, तेही मी याच हंगामात उरकतो. गेल्या वेळी हौद्याच्या लाकडी फळ्या काढून चेकर्ड पत्रा टाकला आणि पाणी मागे काढायला कोपऱ्यात दोन नळ्या चॅसीच्या खालपर्यंत उतरवल्या. खर्च किरकोळ, पण मागचे पाटे आता कोरडे राहतात. किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात) थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, पुढचं चाक वर उचलून हलवलं की हाताला लागतो. येत्या जूनमध्ये त्याचा नंबर.