झेफरमध्ये झेनची हेडरं: नऊ महिने वापरून काय कळलं

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनवतो, गिऱ्हाईक बहुतेक तासगाव पट्ट्यातले बेदाणावाले. आधी दोन बोर्ड असायचे, एक कॉम्प्रेसरला आणि एक स्क्रीन-नेटला. ते एकाच ६४ बिट एआरएम बोर्डावर आणायचं ठरलं. खाली झेन हायपरवायझर (एकाच बोर्डावर अनेक ओएस वेगवेगळ्या ठेवून चालवणारा थर; त्यातला प्रत्येक कप्पा म्हणजे डोमेन), डोम-झिरोत, म्हणजे बाकीच्यांवर ताबा असलेल्या पहिल्या डोमेनमध्ये, झेफर (छोट्या बोर्डांसाठीची रिअल-टाइम ओएस), आणि स्क्रीनसाठी लिनक्सचं डोमेन झेफरनंच उभं करायचं. आता झेफरला झेनशी बोलायचं म्हणजे झेनच्या पब्लिक फोल्डरमधली हेडरं (कॉल, स्ट्रक्चर, आकडे यांच्या व्याख्या असलेल्या सी भाषेतल्या फायली) लागतात, आणि ती आणायची कशी यावरच आमचे पहिले चार महिने गेले म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा सरळ कॉपी-पेस्ट. लायसन्सचं टेन्शन मालकांना होतं, झेन जीपीएल (ज्यात मिसळलेला आपला कोड वाटताना तोही उघडा करावा लागतो) म्हणून. पण ही पब्लिक हेडरं एमआयटी धाटणीच्या परवानगीनं दिलेली असतात, त्यामुळे अपाची लायसन्सवाल्या झेफरबरोबर ठेवायला अडचण नाही. तो विषय एका चहात संपला.

खरी चूक मी केली. कॉपी केल्यावर मला वाटलं जरा साफसफाई करूया, म्हणून आपल्या स्टाइलचं फॉरमॅटिंग केलं आणि लांबलचक कॉमेंटी उडवल्या. फाइल मस्त आटोपशीर दिसायला लागली राव, आणि तिथंच घोळ झाला. ग्रँट टेबलच्या (एका डोमेननं आपलं मेमरीचं पान दुसऱ्याला वापरू द्यायची यादी) हेडरमध्ये कॉमेंटीत क्रम लिहिलेला असतो की आधी डोमेन आयडी लिहा, मग फ्रेम (पानाचा नंबर), मग मेमरी बॅरियर टाका (म्हणजे आधी लिहिलेलं आधीच दिसेल), आणि सगळ्यात शेवटी फ्लॅग (एंट्री वैध असल्याची खूण). आमच्याकडं नवीन लागलेल्या पोरानं ती कॉमेंट कधी बघितलीच नाही (बघणार कुठनं, मीच उडवलेली) आणि त्यानं फ्लॅग आधी लिहिला. म्हणजे एंट्री अर्धवट भरलेली असतानाच वैध दिसणार. टेबलावर सगळं झकास चालायचं, आणि दोन-तीन दिवसांतनं एकदा लिनक्सकडनं मॅपिंग फेल, कारण तिकडचा कोर नेमका त्या फटीत पोचायचा. तीन आठवडे आम्ही आधी पॉवर सप्लायला, मग वायरिंगला, मग एमएसईबीला शिव्या दिल्या.

तेव्हा डोक्यात शिरलं की या फायलींत कॉमेंट म्हणजे अर्धा करार आहे. एआरएमवर हायपरकॉल (झेनकडं काम मागायचा कॉल) कसा करायचा, प्रोसेसरच्या एचव्हीसी सूचनेत ०xईए१ आकडा, एक्स१६ रजिस्टरमध्ये कॉलचा नंबर, एक्स० पासून एक्स४ पर्यंत आर्ग्युमेंट, हे सगळं हेडरच्या कॉमेंटीतच आहे.

दुसरा दणका झेन अपग्रेड केल्यावर बसला. डोमेन बनवायचा कॉल उणे १३ हा एरर कोड परत करायला लागला. त्याचं असं आहे की ग्रँट टेबल, इव्हेंट चॅनेल (डोमेननी एकमेकांना इशारा द्यायची सोय) हे गेस्टसाठीचे, म्हणजे झेनवर चालणाऱ्या ओएससाठीचे, इंटरफेस झेनवाले मोडत नाहीत, जुना गेस्ट नव्या झेनवर चालतो. पण डोमेन बनवणं, मोडणं वगैरे जे डोमसीटीएल आहे ते टूलस्टॅकसाठी (डोमेन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी), त्याला तसली हमी नाही. प्रत्येक कॉलमध्ये इंटरफेस व्हर्शनचा आकडा जातो, जुळला नाही की झेन दारातनंच परत पाठवतो. आमच्यातल्या एकानं हेडरमधला आकडाच वाढवला की ओ! उणे १३ गेला, पण डोमेन बनवायच्या स्ट्रक्चरमध्ये मधेच नवीन फील्ड आलेली, त्यामुळे तिच्याखालचं सगळं सरकलं आणि झेन इंटरप्ट कंट्रोलरची व्हर्शन भलत्याच जागेवरनं वाचायला लागला. उणे १३ परवडला, निदान खरं कारण तरी सांगत होता.

मग झेनचं अख्खं रेपो (कोडचं भांडार) सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे आमच्या रेपोत जोडून, घेतलं. त्यात वेगळीच गंमत, झेफर स्वतःबरोबर या हेडरांची एक कॉपी आधीच आणतो, आता दोन कॉप्या, गार्ड मॅक्रोचं (एकच हेडर दोनदा घुसू नये म्हणून असलेली खूण) नाव सारखंच, म्हणजे जी आधी इनक्लूड झाली ती चालते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिवाय चार फायलींसाठी सगळं हायपरवायझर क्लोन करायचं, आमच्या इथल्या नेटवर!

गेले पाच महिने जे चाललंय ते असं: एक छोटी स्क्रिप्ट झेनच्या ठरलेल्या टॅगवरनं (रिलीजला दिलेलं नाव) लागतील तेवढी हेडरं जशीच्या तशी उचलते, फोल्डरची रचना पण तीच, शेजारी कमिटचा हॅश (कोडच्या नेमक्या अवस्थेची ओळख) लिहिते, आणि बिल्डच्या वेळी मूळ फायलीशी ताडून बघते, एक स्पेस जरी बदलली तरी बिल्ड फेल. आमचं जे काही ते वेगळ्या रॅपर फाइलमध्ये. वर साइझच्या बिल्ड असर्ट (साइझ चुकली की बिल्ड थांबवणाऱ्या तपासण्या) टाकल्यात, उदाहरणार्थ ग्रँटची व्हर्शन १ ची एंट्री ८ बाइट, म्हणजे ४ केबीच्या पानात ५१२. इनक्लूड पाथमध्ये आमचंच फोल्डर पहिलं. डोमसीटीएलचं हेडर वेगळं ठेवलंय, ते झेनच्या टॅगबरोबरच बदलायचं, एकट्यानं नाही.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो यासाठी की डोमसीटीएल बदललं की स्ट्रक्चर भरणारा आपला कोड अजून हातानंच तपासावा लागतो, असर्टनं साइझ कळते, फील्डचा अर्थ नाही कळत. पुढचा टॅग आलाय, पण बेदाण्याची आवक सुरू असताना चालू स्टोरेजच्या बोर्डाला हात लावायची माझी छाती नाही, मे महिन्यात बघू.