तीन वेगांच्या चित्रमालिका, एकच व्हिडिओ: एफएफएमपेग आणि फिजी वापरल्यानंतर

गेल्या जुलैत आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबी परिसरात, एका दिवसाच्या पावसाची नोंद चित्रांतून घेतली. पडवीत बसवलेल्या एका मोबाइलने चोर्ला घाटाच्या दिशेचे आकाश दर १० सेकंदांनी टिपले आणि दुसऱ्या जुन्या मोबाइलने पर्जन्यमापकाच्या नळीचा फोटो दर ५ मिनिटांनी घेतला. त्याच काळातील इन्सॅट उपग्रहाची चित्रे आम्ही उतरवून घेतली. ती दर अर्ध्या तासाची असतात. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या बारा तासांत आकाशाची ४३२०, पर्जन्यमापकाची १४४ आणि उपग्रहाची २४ चित्रे जमली. ही तिन्ही दृश्ये एकाच पडद्यावर, एकाच घड्याळाप्रमाणे चालली पाहिजेत, एवढीच आमची अपेक्षा होती.

प्रथम आम्ही हे काम शहरातील एका व्हिडिओ स्टुडिओकडे सोपवले. तयार होऊन आलेला व्हिडिओ दिसायला अतिशय गुळगुळीत होता, आणि दोष नेमका तिथेच होता. उपग्रहाच्या दोन चित्रांमधील अर्ध्या तासाची पोकळी त्यांच्या सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेल्या चित्रांनी भरून काढली होती, त्यामुळे सव्वादहा वाजता घाटमाथ्यावर एक ढग सरकताना दिसत होता, जो कोणत्याही उपग्रहाने पाहिलेला नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत हे खपून जाईल. निरीक्षणाच्या नोंदीत असे चित्र खोटेच ठरते. म्हणून आम्ही ते काम परत घेतले आणि दोन मोफत साधनांच्या मदतीने स्वतः केले.

पहिले साधन फिजी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तयार केलेल्या इमेजजे या कार्यक्रमाचे ते विस्तारलेले रूप आहे. चित्रे उघडून पाहणे, सर्वांचा उजळपणा एकाच मापाने ठरवणे, प्रत्येक चित्रावर ते घेतल्याची वेळ उमटवणे, या कामांत त्याला तोड नाही. मात्र एका मालिकेला एकच वेग, ही त्याची चौकट आहे. शिवाय ते चित्रे मेमरीत उघडते. १९२० गुणिले १०८० आकाराची ४३२० रंगीत चित्रे तशी उघडायची म्हटली तर सुमारे ३६ जीबी मेमरी लागेल, आणि आमच्या प्रयोगशाळेतील संगणकाची आहे ८ जीबी. व्हर्च्युअल स्टॅक, म्हणजे लागेल तेवढेच चित्र डिस्कवरून वाचण्याचा पर्याय, निवडल्यास ही अडचण राहत नाही, पण वेगवेगळ्या वेगांची सांगड घालण्यासाठी दुसरे साधन लागतेच.

ते म्हणजे एफएफएमपेग, जे फॅब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केले. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकून द्यावी लागते. आमचे विद्यार्थी पहिले दोन दिवस त्याला बिचकलेच. परंतु हिशोब कागदावर मांडल्यावर सगळे उलगडत गेले. आकाशाची मालिका सेकंदाला ३० चित्रे या वेगाने चालवली की बारा तास १४४ सेकंदांत बसतात. त्या हिशोबाने पर्जन्यमापकाचा वेग सेकंदाला १ चित्र होतो आणि उपग्रहाचा १/६, म्हणजे प्रत्येक चित्र ६ सेकंद स्थिर राहते. एफएफएमपेग असा अपूर्णांक जसाच्या तसा स्वीकारते, ही त्याची मोठी सोय आहे.

वेग सांगण्याची आज्ञा मात्र प्रत्येक मालिकेच्या नावाच्या आधी लिहावी लागते. ती राहून गेली तर एफएफएमपेग सेकंदाला २५ चित्रे गृहीत धरते आणि तसे बजावतही नाही. आमच्याकडून आकाशाच्या मालिकेबाबत हीच चूक झाली. ती मालिका १४४ ऐवजी जवळपास १७३ सेकंदांची झाली आणि नळीत पाणी चढल्यानंतर आकाशात काळोख दाटू लागला. तिन्ही मालिका एकत्र जोडण्यापूर्वी एफपीएस फिल्टरने प्रत्येकीला सेकंदाला ३० वर आणून ठेवणे हेही आवश्यक आहे. हा फिल्टर कमी वेगाच्या मालिकेतील तेच चित्र पुन्हा पुन्हा वापरतो, नवे काही रचत नाही. मधली चित्रे रचणारा मिंटरपोलेट नावाचा फिल्टरही एफएफएमपेगमध्ये आहे, परंतु तो तुम्ही मागितल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि म्हणूनच माझा या साधनावर विश्वास बसला.

आणखी दोन ठिकाणी दक्षता हवी. क्रमांकाने लावलेल्या फोटोंमधील एखादा फोटो गहाळ असेल तर मालिका तिथेच संपते. आमचे दोन फोटो गेले होते, त्यांच्या जागी आम्ही कोरी काळी चौकट ठेवली. दुसरे म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवर जागतिक वेळ असते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. संपूर्ण पृथ्वीगोलाचे एक चित्र टिपायलाही सुमारे २६ मिनिटे लागत असल्याने त्यावरील वेळ मिनिटाच्या काट्याने वाचू नये.

मराठी शीर्षकांसाठी मात्र एफएफएमपेगची आवृत्ती पाहून घ्यावी. ६.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘खानापूर’ नीट उमटायचे, पण ‘मिनिटे’ लिहिले की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. आम्ही शेवटी मराठी आणि कन्नड शीर्षके स्वतंत्र चित्र म्हणून तयार करून वर चढवली. रंगांबाबतही एक तक्रार आहे: सर्वत्र चालणाऱ्या व्हिडिओसाठी जो रंगप्रकार निवडावा लागतो, त्यात रंगाचा तपशील लांबी-रुंदीत निम्मा होतो, आणि उपग्रहचित्राच्या कडेची बारीक रंगपट्टी पुसट दिसते. संग्रहासाठी पूर्ण रंगाची प्रत वेगळी ठेवावी, जी अनेक मोबाइलवर चालत नाही.

तयार व्हिडिओ वर्गात लावला तेव्हा वरच्या चौकटीत धुके दोनदा येऊन विरले, तरी खालचे उपग्रहचित्र हलेना. पहिल्या बाकावरच्या निपाणीच्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, खालचं अडकलंय काय ओ?” मी व्हिडिओ थांबवून त्या चित्रावर फिजीने उमटवलेली ९:३० ही वेळ दाखवली. त्याने वरच्या चौकटीतील ९:५२ वाचली, बोटांवर मोजले आणि म्हणाला, “म्हणजे आठ मिनिटांनी नवीन येणार.” व्हिडिओत ते दीड-दोन सेकंदांनी आले, आणि त्यात आमच्या घाटावर पांढरा डाग होता.