संदर्भ देताना कंसात नाव-साल की नुसता आकडा?

लातूरच्या माझ्या भाचीचा नववीचा प्रकल्प: ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप. तीव्रता एका पानावर ६.२, दुसऱ्यावर ६.४. खाली संदर्भ काय, तर ‘गुगल’. अगं, गुगल म्हणजे पत्ता विचारायची पानटपरी. माहिती तिथं पिकत नाही.

मग संदर्भ द्यायचा कसा? हार्वर्ड पद्धतीत वाक्याशेवटी कंसात लेखकाचं आडनाव आणि साल, मागे यादी आडनावांच्या अकारविल्हे. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात [१], [२] आणि यादी त्याच क्रमानं. तोच स्रोत पुन्हा आला तर जुनाच आकडा.

आकड्यांनी पान सुटसुटीत दिसतं, खरंय. पण हातानं लिहिणाऱ्या पोरांचा त्यात जीव जातो. भाचीला रात्री दहाला दुसऱ्या परिच्छेदासाठी आणखी एक पुस्तक सापडलं, अन् [३] चा [४], [४] चा [५] करत वहीभर खाडाखोड. नाव-साल असतं तर यादीत एक ओळ घुसवली की झालं. शिवाय लिखाण १९९४ चं की २०२० चं, हे वाचतानाच कळतं. शाळेसाठी मी तरी हीच पद्धत सांगते. लेखक नसेल तर संस्थेचं नाव. संकेतस्थळ असेल तर ते पाहिल्याची तारीखही.