पोलच्या वायरमध्ये मी कसा फसलो

पीएससी पोल, म्हणजे आत ताणलेली पोलादी वायर असलेले काँक्रीटचे विजेचे खांब बनवणाऱ्यांसाठी, त्यातही या धंद्यात नव्याने उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. आमचं यार्ड लहान आहे. शेतीपंपाच्या लाइनला लागणारे 8 मीटरचे, 200 किलो वर्किंग लोडचे पोल आम्ही टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात ऑर्डरची घाई होती आणि नेहमीच्या पुरवठादाराकडे 4 मिमीची इंडेंटेड (खाचा असलेली) एचटी, म्हणजे हाय टेन्साइल वायर नव्हती. एका नव्या व्यापाऱ्याने टनामागे बराच कमी भाव सांगितला, वर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं. आयएस 6003 (या वायरचं भारतीय मानक), हीट नंबर (पोलादाच्या घाणीचा क्रमांक), सगळं होतं. गुंडाळ्यांच्या बिल्ल्यांवरही तोच नंबर. मी पूर्ण पैसे आगाऊ भरले.

पहिली गुंडाळी सोडताना आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "दादा, ही वायर उसळत नाही." चांगली एचटी वायर बांधणी कापली की झटक्यात सरळ होते, माणसाला बाजूला व्हावं लागतं. ही वेटोळ्यातच पडून राहिली. मी सर्टिफिकेट दाखवून त्यांना गप्प केलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

वायर ताणणाऱ्या जॅकनेही सांगितलंच होतं. आमच्या 100 मीटरच्या बेडवर (पोल टाकायच्या लांब ओट्यावर) वायरला साधारण 1,500 किलो ताण दिला की ती 60 सेंमीच्या आसपास लांबते. ही 75 च्या पुढे गेली. वायर धरणारी ग्रिप सरकली असेल असं धरून आम्ही काँक्रीट ओतलं.

तपासणीत पोल आडवा बांधून टोकापासून 60 सेंमीवर भार लावला. ऑर्डरप्रमाणे अडीच पट, म्हणजे 500 किलो सोसायला हवे होते. पोल 390 ला मोडला. काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) पास होते, म्हणजे दोष काँक्रीटचा नव्हता. उरलेली वायर प्रयोगशाळेत दिली. 4 मिमीची एचटी वायर तुटायला सुमारे 2,200 किलो लागतात, ही 1,650 ला तुटली. मिलला विचारलं तर त्या हीटचा माल वर्षभरापूर्वी दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेलेला. व्यापाऱ्याने खऱ्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवरून बिल्ले बनवले होते.

सगळे पोल फोडले. तक्रार दिली आहे, पैसे आलेले नाहीत. आता हीट नंबर मी थेट मिलकडून पडताळतो, एक मीटर तुकडा वजन करतो (सुमारे 99 ग्रॅम भरायला हवा), नमुना तोडून बघितल्याशिवाय बाकी रक्कम देत नाही.

तुम्हीही अशी स्वस्त वायर वापरली असेल तर यार्डातला एक पोल आजच मोडून बघा. त्या लॉटचे पोल लाइनवर गेले असतील तर खरेदीदाराला कळवा. त्यावर शिडी लावून वायरमन चढतो.