आयर्नमॅन ७०.३ गोवा: शेवटच्या तासात धावणाऱ्याने लिहिलेला रिव्ह्यू

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग ट्रायथलॉन) कशी आहे, पहिली हाफ आयर्नमॅन म्हणून घ्यावी का, असं ऑफिसमधले आणि सायकलिंग ग्रुपवरचे लोक सारखे विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. आधीच सांगतो की मी हौशी माणूस, पोडियमशी माझा संबंध नाही, मी कटऑफच्या (रेस संपवायच्या कमाल वेळेच्या) आत येणाऱ्यांच्या शेवटच्या घोळक्यातला. आणि माझं मत असं आहे की रेस कशी आहे हे आमच्यासारख्यांनाच विचारावं. पहिल्या नंबरांना सगळीकडेच मोकळा रस्ता, गार पाणी आणि ताजेतवाने व्हॉलंटियर मिळतात, आठव्या तासाला डोक्यावर ऊन घेऊन जो पाय ओढत असतो त्याला काय मिळतं त्यावर रेसची लायकी ठरते. त्या हिशोबाने गोवा मला मनापासून आवडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, सगळं सलग, बेरीज ७०.३ मैल म्हणजे ११३ किमी. फुल आयर्नमॅनच्या बरोब्बर निम्मं. पणजीच्या मिरामार बीचवर २० ऑक्टोबर २०१९ ला ही पहिल्यांदा झाली, आयर्नमॅनच्या नावाची भारतातली पहिलीच रेस, आणि आपल्या आर्मीच्या बिश्वरजीत सिंग सायखोमने ती पावणेपाच तासांच्या आत जिंकली होती. मग कोरोनात दोन वर्षं गेली आणि २०२२ पासून परत सुरू झाली. गोव्यात रेस येण्याआधी आपल्याकडच्या माणसाला कोलंबो, मलेशिया, दुबई असं कुठेतरी सायकल विमानात घालून जावं लागायचं, व्हिसा वेगळा, खर्च वेगळा, घरच्यांची परवानगी वेगळी. आता पुण्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळी पणजी, जेवायला फिश थाळी आणि आजूबाजूला निम्मे लोक मराठी बोलणारे, हे सुख लहान नाही.

आता पोहण्याबद्दल, कारण सगळ्यांची भीती तिथेच अडकलेली असते. पाणी कोमट असतं, वेटसूटचा (गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) विषयच नाही. खाऱ्या पाण्यात अंग पोहण्याच्या टाकीतल्यापेक्षा जास्त तरंगतं त्यामुळे पाय आपोआप वर राहतात, ही जमेची बाजू. पण मिरामार म्हणजे मांडवीचं मुख, पाणी गढूळ, हात पुढे टाकला की कोपराच्या पुढचं काही दिसत नाही, आणि टाकीत तळाची काळी पट्टी बघत पोहायची सवय असलेला माणूस इथे भरकटतो. दर सहा-आठ हातांनंतर डोळे वर काढून बॉय (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) शोधायची सवय आधीपासून लावून घ्या, लाटेच्या खळग्यात असताना वर बघाल तर समोर फक्त पाणीच दिसेल, लाट उचलते तेव्हा बघायचं. सगळ्यांना एकदम पाण्यात ढकलत नाहीत, आपल्या अंदाजे वेळेनुसार रांगेत उभं राहायचं आणि थोडे थोडे जण सोडतात, त्यामुळे लाथाबुक्क्या बऱ्याच कमी होतात.

आणि हे बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसतं: दम लागला, घाबरायला झालं तर जवळच्या सुरक्षेच्या कयाकला (छोट्या होडीला) किंवा बोर्डला हात लावून थांबायची नियमाने परवानगी आहे, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. माझ्या बाजूला एकजण मधल्या बॉयपाशी कयाक धरून जोरजोरात श्वास घेत होता, कयाकवाला पोरगा त्याला शांतपणे म्हणत होता, "दादा, आरामात, टाइम आहे." तो दादा नंतर मला सायकलवर मागे टाकून गेला. समुद्रातली सुरक्षा हा या रेसचा सगळ्यात भक्कम भाग वाटला मला. कुठेही नजर टाकली तरी कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळत होतं, आणि समुद्रात पहिल्यांदा उतरणाऱ्याला एवढं पुरतं.

सायकलीच्या आधी सायकल नेण्याबद्दल बोलतो. सायकल आदल्या दिवशी चेक-इन करावी लागते, त्यामुळे ती एक दिवस आधी तिथे चालू अवस्थेत पाहिजे. मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिली होती, नाव घेत नाही, पॅकिंग चांगलं करू म्हणाले होते आणि सायकल पोचली तेव्हा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकलेला. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला तो छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा, तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पण वाकला की गिअर नीट पडत नाहीत, सगळ्यात मोठ्या कॉगवर (मागच्या दातेरी चक्रावर) टाकायला जावं तर साखळी स्पोक्सकडे जाते, आणि चढावर तोच गिअर लागतो. तिथल्या एका मेकॅनिकने अलाइनमेंट गेज लावून, चाक फिरवत फिरवत, चार ठिकाणी माप घेऊन तो सरळ केला, पंधरा-वीस मिनिटं त्याचे हात बघत बसलो होतो, असं शांत काम करणारा माणूस त्या गर्दीत मिळाला म्हणून रेस झाली. तेव्हा आपल्या फ्रेमला बसणारा स्पेअर हँगर बॅगेत ठेवाच, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी दुकानात मिळत नाही. आणि जमत असेल तर ग्रुप करून गाडीने स्वतःच्या सायकली स्वतः न्या.

टीटी बाइक (एकट्याने वेगात चालवायची खास रेसिंग सायकल) पाहिजेच का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नाही. साधी रोड बाइक आणि त्यावर क्लिप-ऑन एअरोबार (पुढे वाकून कोपरं टेकवायचे दांडे) भरपूर झाले, पण ते रेसच्या आदल्या आठवड्यात लावू नका, त्या पोझिशनमध्ये मान आणि कंबर रुळायला दोन-तीन महिने जातात. नियम मात्र कडक पाळतात आणि ते मला आवडलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढायची नाही, माउंट लाइनच्या (सायकलवर चढायच्या रेषेच्या) अलीकडे बसायचं नाही, पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवायचं आणि ओव्हरटेक करायचं तर २५ सेकंदांत करून टाकायचं. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याला चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला, पाच मिनिटांची पेनल्टी, तंबूत उभं राहून भोगायची. आपल्याकडच्या ग्रुप राइडमध्ये चाकाला चाक लावून चालवायची सवय असते, ती इथे महागात पडते.

आता कटऑफचं गणित, जे प्रत्येकाने कागदावर करावं. पोहणं १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत स्टार्टपासून साडेपाच तास, आणि सगळं मिळून साडेआठ. म्हणजे पोहायला पूर्ण वेळ घेतलात आणि कपडे, हेल्मेट, बूट यात सात-आठ मिनिटं गेली तर सायकलला ताशी साडेएकवीसचा ॲव्हरेज लागतो. तो बऱ्याच लोकांना जमतो. त्यानंतर उरतात तीन तास, म्हणजे धावताना किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. घरी बसून वाचताना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पहाटे पाचला पुण्यात लॉ कॉलेज रोडला कोणीही करेल. पण इथे धावायला सुरुवात होते ती दुपारच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गोव्यात. मी म्हणतो ही रेस इथे सुरू होते, त्याआधीचं सगळं फक्त इथपर्यंत पोचण्यासाठी.

पुण्याचं ऑक्टोबर हीट आणि गोव्याचं ऊन यात मोठा फरक आहे. पुण्यात घाम वाळतो आणि अंग गार होतं, गोव्यात हवाच ओली, घाम नुसता गळत राहतो आणि गारवा काही मिळत नाही. शरीर रक्त कातडीकडे पाठवायला लागतं, पोटाला कमी पडतं, मग सकाळी गोड लागलेली जेल (ऊर्जेसाठी घ्यायची गोड पेस्ट) दुपारी घशाखाली उतरत नाही. म्हणून खायचं ते सायकलवरच, तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, ज्याला सवय आहे त्याने ९० पर्यंत, आणि मीठ विसरायचं नाही. अंगाला उष्णतेची सवय लागायला दहा-चौदा दिवस लागतात, तेव्हा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काही रन जाणूनबुजून दुपारी अकरा-बाराला करा, पाणी सोबत ठेवून, हळू. सकाळच्या गारव्यात केलेल्या हाफ मॅरेथॉनच्या टायमिंगवर इथला अंदाज बांधू नका, तो हमखास चुकतो. सायकलवर उगाच दहा मिनिटं वाचवायला पाय जाळलेले कितीतरी तगडे लोक मी धावण्याच्या दुसऱ्या निम्म्यात रस्त्याच्या कडेला बसलेले बघितलेत.

आणि इथेच या रेसने माझं मन जिंकलं. धावायच्या फेऱ्या त्याच भागात असल्यामुळे एड स्टेशन (खाण्यापिण्याचं टेबल) वारंवार येतं, आणि मी शेवटच्या फेरीला होतो, पुढचे लोक मेडल घालून बिअर पीत असतील, तरी टेबलावर बर्फ होता, कोला होता, ओले स्पंज होते. एका स्टेशनवर कॉलेजची एक मुलगी होती, सकाळपासून उभी असणार, चेहरा उन्हाने लाल झालेला, ती पुढे येऊन म्हणाली, "काका, टोपी काढा." टोपी काढली तर तिने त्यात दोन मुठी बर्फ भरला, परत माझ्या डोक्यावर ठेवली आणि वरून दाबली, मग एक स्पंज मानेवर पिळला, आणि माझ्या मागून येणाऱ्याकडे वळली, त्यालाही तेच. बर्फाचं पाणी पाठीवरून खाली उतरत असताना पुढचा जवळजवळ एक किलोमीटर मी नीट पळालो. आपण शेवटून मोजले जाणारे आहोत असं कोणीही जाणवू दिलं नाही, ना तिने, ना रस्त्यावर उभ्या असलेल्या पणजीकरांनी, ना फिनिशला नाव पुकारणाऱ्याने. मी देशात बऱ्याच मोठ्या मॅरेथॉन धावलोय जिथे आमच्यापर्यंत येईपर्यंत नुसते रिकामे ग्लास तुडवत जावं लागलंय. त्यामुळे याची किंमत मला कळते.

खर्च जड आहे हे खरं. फी, सायकलची ने-आण, तीन-चार रात्रींचं हॉटेल, ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत चालणारा एकच पोशाख), जेल, सगळं धरलं तर मध्यमवर्गीय माणसाने घरी बोलून मगच नाव घालावं. घरचे सोबत येणार असतील तर त्यांना सकाळी स्टार्ट दाखवा, मग हॉटेलवर जाऊन आराम करू द्या आणि रनच्या वेळी परत बोलवा, फेऱ्यांमुळे ते तुम्हाला अनेकदा बघू शकतात. दिवसभर उन्हात उभं केलंत तर पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही.

पोहायला अजून आत्मविश्वास नसेल तर घाई करू नका. डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे लहान अंतरात उतरून समुद्राची ओळख करून घ्या. कोल्हापूरची बर्गमन ट्रायथलॉन राजाराम तलावाच्या स्थिर पाण्यात होते, तिथून सुरुवात केलेले माझे बरेच मित्र आहेत. गोव्यातच रिलेचा पर्यायही आहे, एकाने पोहायचं, एकाने सायकल, एकाने धावायचं, तीन दोस्तांनी मिळून पहिल्या वर्षी तो घ्यावा आणि ज्याच्या वाट्याला धावणं येईल त्याने दुपारचं ऊन नीट लक्षात ठेवावं, पुढच्या वर्षी तिघांनाही ते लागणार आहे. बाकी ज्याला दुपारी बाराच्या उन्हात किलोमीटरला साडेआठने तासभर तरी शांतपणे धावता येतंय, त्याने रजिस्ट्रेशन उघडलं की नाव टाकून मोकळं व्हावं.